चुन्याच्या टिकल्या

जगन्नाथराव ओव्हरसियर कुठल्याही गावी कामाला गेले की आधी पाटलाकडे जात नसत. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई कोण, हे ते वेशीतच विचारून घेत आणि थेट तिच्या दारात जाऊन बसत. लोकांना त्याची मोठी गंमत वाटायची. काळी टोपी घातलेला, बगलेत कागदाची सुरळी मारलेला हा शिकलेला माणूस बाजेवरच्या म्हातारीला विचारायचा, "माय, तुमच्या सासूच्या काळी इथं काय होतं? पाणी कुठवर चढायचं? कुणाची विहीर बुजवली का?" म्हातारी आधी लाजायची आणि मग जी सुरू व्हायची ती दिवस कलला तरी थांबायची नाही. जगन्नाथराव कंटाळत नसत. जमिनीच्या पोटात काय दडलंय ते पाटलापेक्षा म्हातारीला जास्त ठाऊक असतं, असं त्यांचं ठाम मत होतं.

म्हातारीनंतर खड्डे. चार कोपऱ्यांत चार आणि मधोमध एक, असे पाच, पुरुषभर खोल. प्रत्येक खड्ड्यातली माती ते मुठीत दाबून बघत, पाण्यात कालवून बघत, कधी चिमूटभर तोंडातही टाकत. त्यासाठी गावात तीन मुक्काम करत. एवढं सगळं झाल्यावर कागद उलगडायचा. नकाशा काढायला त्यांना एक दिवस लागे आणि त्याच्या आधीच्या उस्तवारीला आठवडा. पण लोकांच्या हातात पडायचा तो नकाशा. आठवडा कुणाला दिसत नसे, आणि सगळा घोटाळा तिथंच होता.

निजामाच्या तामीरात, म्हणजे बांधकाम खात्यात, त्यांनी बारा वर्षं काढली होती. वरंगळकडे बदली झाली आणि इकडे वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा नोकरीवर पाणी सोडून ते जालन्याला कादराबादेतल्या घरी परतले. तेव्हापासून आसपासच्या गावांना चावडी, विहीर, शाळा असं काही बांधायचं असलं की नकाशा काढून देणं आणि कामावर नजर ठेवणं, हाच त्यांचा धंदा झाला. माणूस सरळ होता, कामाला चोख होता. फक्त एक खोड होती. आपल्याला गावाने हर्रासात, म्हणजे लिलावात, उभं न करता नुसतं बोलवावं, 'तुम्हीच पाहिजेत' म्हणावं, ही त्यांची फार दिवसांची भूक होती.

फसली सन १३४४ च्या थंडीत, म्हणजे इंग्रजी पस्तीस साल नुकतं लागलं होतं तेव्हा, मंठ्याच्या वाटेवरच्या करंजदरी गावाने शाळा बांधायचं मनावर घेतलं. सरकार थोडं देणार होतं, बाकीचं गावाने जमवलं होतं. कारभार रामराव पाटलांकडे होता. रामराव वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. उलट चांगलेपणाच्या धाकानेच त्याने घोळ घातला. आदल्या साली चावडीच्या दुरुस्तीचं काम त्याने ओळखीच्या माणसाला दिलं, तर गावाने वर्षभर त्याची सालटी काढली. त्यामुळे या वेळी त्याने ठरवलं की जे काही व्हायचं ते हर्रासानेच होईल.

आता हर्रास करंजदरीला नवा नव्हता. गायरानातल्या चिंचा, आठवडी बाजाराचा ठेका, सगळं मारुतीच्या पारावर हर्रासानेच जायचं. लाकूड हर्रासाने घेतलं, तेही ठीक होतं. गवंडीकाम हर्रासाने भुजंग मिस्त्रीला गेलं. तो गावचाच होता आणि हाताचा चांगला होता, म्हणून निभावलं. मग रामरावाने पाराच्या कट्ट्यावर उभं राहून पुकारा केला, "आता नकाशाचा हर्रास!" चिंचेचा हर्रास वर चढतो, हा खाली उतरणार, एवढाच काय तो फरक. लोक हसायला तयारच बसले होते.

नकाशासाठी दोघे आले होते. एक जगन्नाथराव. दुसरा जालन्याचाच बद्रीनाथ. हा आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. कुठून तरी त्याने शाळेचा एक नकाशा पैदा केला होता आणि गावाचं नाव बदलून तोच तो सगळीकडे खपवायचा. डोंगर असो, नदीकाठ असो, काळी माती असो, पांढरी असो, बद्रीनाथची शाळा एकच.

जगन्नाथरावांनी आपला आकडा सांगितला. बद्रीनाथने तो ऐकून घेतला आणि निम्म्यावर आणला. पारावर हशा पिकला.

"साहेब," मागून कुणीतरी म्हणालं, "शेवटी कागदच हाय ना? येवढा खर्चा कशाचा लावून राह्यले?"

जगन्नाथरावांनी म्हातारीचं सांगितलं, खड्ड्यांचं सांगितलं. तर आणखी हशा. "खड्डे तर आमचे पोरंबी खांदतेत!"

त्या क्षणी त्यांनी सुरळी उचलून सरळ घरचा रस्ता धरायला हवा होता. त्यांनाही ते कळत होतं. पण चारचौघांत हसू झालं की भल्याभल्यांची मती फिरते. शिवाय मनात एक चांगला विचारही होता, आणि वाट चुकवायला चांगल्या विचाराइतका कुणी वस्ताद नाही. बद्रीनाथच्या हातात शाळा गेली तर पोरांच्या डोक्यावर येईल, त्यापेक्षा आपण थोडी झीज सोसू, असं त्यांना वाटलं. त्यांनी बद्रीनाथच्या खाली आकडा टाकला. बद्रीनाथ आणखी खाली गेला. हे त्याहून खाली. शेवटी बद्रीनाथने हात झटकले आणि रामरावाने "एक बार, दो बार, तीन बार" करून नकाशा जगन्नाथरावांच्या गळ्यात घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर शरयूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि नवऱ्याचं तोंड बघून विचारलं, "अहो, काम मिळालं म्हणता, मग चेहरा असा का?"

"मिळालं," जगन्नाथराव म्हणाले. "पण त्या पैशात मी माझं काम करू शकत नाही."

"मग कुणाचं करणार?"

त्या पैशात पाच खड्डे बसत नव्हते, तीन मुक्काम बसत नव्हते. घर चालवायचं म्हणून बदनापूरच्या बाजूला एक विहिरीचं काम त्याच आठवड्यात घ्यावं लागलं. करंजदरीला ते सकाळी आले आणि दिवेलागणीच्या आत निघाले. दोन खड्डे केले, मावळतीच्या बाजूला. जागा गावठाणाची, म्हणजे पांढरी माती, काळीसारखी पावसाळ्यात फुगणारी नव्हे. दोन्ही खड्ड्यांत घट्ट लागली. उगवतीच्या कोपऱ्यात त्यांनी नुसती पहार आपटून बघितली. आवाज बरा आला. म्हातारीकडे जायला वेळच झाला नाही. वाटेवर एक जख्ख म्हातारी, चतुराबाई, ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिने हात कपाळाशी नेऊन बघितलं. जगन्नाथरावांनी लांबूनच रामराम केला आणि बैलगाडीत बसले.

शाळा मात्र देखणी झाली. भुजंगने जीव लावून काम केलं. चुना बैलाच्या घाण्यात इतका मळवून घेतला की दुसरा गवंडी अर्ध्यावर आटोपता. जोत्याचा दगड न दगड त्याने स्वतः बसवला. भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीचा ओळंबा सोडून एक डोळा मिटून तो भिंतीकडे बघायचा तेव्हा पोरं त्याची नक्कल करायची.

दोन पावसाळे गेले आणि उगवतीच्या कोपऱ्यात खिडकीपासून छपरापर्यंत भेग पडली. आधी केसाएवढी, मग बोट जाईल एवढी. रामरावाचा सांगावा आला तेव्हा जगन्नाथराव धावत गेले. भेगेत बोट घालून उभे असताना पाठीमागून काठीचा आवाज आला. चतुराबाई होती.

"कोपरा खचलाच का?" ती म्हणाली. "खचंलच. खाली आमच्या सासऱ्याचं पेव हाय."

जगन्नाथरावांनी भेगेतलं बोट काढून घेतलं. पेव म्हणजे ज्वारी साठवायचा जमिनीतला खड्डा. तोंड माणूस उतरेल एवढंच, पण खाली पोट खोलीएवढं. ते खणतात पांढरीतच, आणि ही गोष्ट त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक असणार? तिने काठी टेकवून दाखवलं, तोंड भिंतीच्या हातभर बाहेर राहिलं होतं, वरचा थर दगडासारखा. पाया खणताना भुजंगला कळायचं काही कारणच नव्हतं. पुरुषभर खोल एक खड्डा तिथं घेतला असता तर पहार पोकळीत गेली असती.

"मग माय, तेव्हा सांगितलं का नाही?"

"मला कुणी इचारलं?" चतुराबाई म्हणाली. "तुमी म्हाताऱ्यायजवळ बसून इचारता, असं आयकलं व्हतं. म्हून आंघोळ करून, लुगडं बदलून बसल्ते म्या वट्यावर. तुमी तसेच निघून गेल्ते." त्या साली उन्हाळ्यातच ती वारली, आणि पेवाची गोष्ट जाणणारं गावात दुसरं कुणी उरलं नाही.

या भेटीच्या दुसऱ्याच दिवशी तहसिलीचा एक अंमलदार चौकशीला आला. चतुराबाईला तिथंही कुणी विचारलं नाही. गावाने आपला निकाल आधीच लावून टाकला होता. नकाशा सुंदर होता, तो चावडीत चौकटीत लावला होता, सगळ्यांना दिसत होता. भेग भिंतीला होती आणि भिंत भुजंगने बांधली होती. झालं तर मग, चुना कच्चा! भुजंग हात जोडून उभा होता. "चुना कच्चा न्हाई सरकार. फोडून बघा बिलकुल," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

अंमलदाराने जगन्नाथरावांना विचारलं, "नकाशात काही दोष?" आणि पाठोपाठ, सहज बोलावं तसं, "टेंभुर्णीला दवाखाना बांधायचा आहे. या वेळी हर्रास नको म्हणतात वरचे. आधी जाणता माणूस निवडायचा आणि मग त्याच्याशी बसून पैशाचं ठरवायचं. तुमचं नाव मी सुचवलंय."

जन्मभर ज्या शब्दांची वाट बघितली ते शब्द असे आले. चतुराबाईचं पेव जगन्नाथरावांना आदल्याच दिवशी कळलं होतं. ते सांगून टाकायला फार तर चार वाक्यं लागली असती.

"नकाशात दोष नाही," ते म्हणाले.

ते खोटं नव्हतं. कागदावर सगळं बरोबरच होतं. पण भुजंगकडे त्यांनी बघितलं नाही, आणि स्वतःचं मन खातंय हे त्यांना बैलगाडीत बसायच्या आतच कळलं.

टेंभुर्णीचा दवाखाना त्यांनी असा बांधून घेतला की बघत राहावं. म्हातारीजवळ दोन दिवस बसले, पाच खड्डे घेतले, तिनाचे पाच मुक्काम केले. कुणी आकड्यावरून हसलं नाही. पुढे आणखी दोन गावांनी तसंच बोलावलं. शरयूबाईंना वाटलं, नवऱ्याच्या मनासारखं झालं, आता हा माणूस दोन घास सुखाने खाईल. पण जगन्नाथराव खात नव्हते, धड बोलतही नव्हते. आपल्याला जाणता म्हणून जे निवडलं ते भुजंगला खाली ढकलून, हे त्यांना पानावर बसलं की आठवायचं.

भुजंगला त्यानंतर कुणी भिंत दिली नाही. कच्च्या चुन्याचा गवंडी अशी ओरड पार मंठ्यापर्यंत गेली. पोट कुणाला सुटलंय? तो दारोदार फिरून जात्यांना टाकी लावायला लागला, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड छिन्नीने पुन्हा खरबरीत करून द्यायचा. बाया पसाभर ज्वारी देत.

जगन्नाथरावांनी एक मात्र केलं. भेग पडली त्या साली, तीर महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, त्यांनी भेगेवर आडवी चुन्याची एक टिकली लावली आणि ओली असतानाच तिच्यावर तारीख कोरली: तीर १३४६. बांधकाम खात्यातली ही जुनी रीत. टिकली तडकली तर भेग अजून चालतेय, शाबूत राहिली तर थांबली. पुढच्या साली ती तडकलेली होती. त्यांनी वर दुसरी लावली. मग तिसरी. दर तीर महिन्यात ते जालन्याहून निघत, गावात कुणाशी फार बोलत नसत, टिकली लावून परत जात. लोक म्हणत, साहेबांचा जीव बघा केवढा, दुसऱ्याने बिघडवलेल्या कामासाठी उन्हातान्हात येतात! हे ऐकलं की जगन्नाथरावांना तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटे. दर खेपेला ते ठरवून येत, आज भुजंगकडे जायचं. आणि दर खेपेला गाडी त्याच्या गल्लीवरून तशीच पुढे जाई. मधल्या काळात पोरांना त्या खोलीतून काढून लिंबाखाली बसवलं होतं. खोलीला कुलूप होतं.

अशा नऊ टिकल्या झाल्या. दहाव्या साली थंडीत रामराव स्वतः कादराबादेत आला. डोक्याचे केस पांढरे झाले होते. शरयूबाईंनी दिलेला चहा बशीत ओतून तो म्हणाला, "साहेब, शाळा पाडून नवी बांधायची हाय. या टायमाला हर्रास न्हाई. म्या शिकलो आता. आधी माणूस बराबर पाह्यजे, पैशाचं मंग बसून ठरवू. तुमीच पाह्यजेत आमाला." बशी खाली ठेवून त्याने पुढे जोडलं, "फक्त गवंडी चांगला आणा. त्या भुजंगवानी नको."

जगन्नाथरावांनी बशी उचलून बाजूला ठेवली. आतल्या दाराशी शरयूबाई उभ्या होत्या. नऊ वर्षं त्यांनी काही विचारलं नव्हतं. आता मात्र त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, बोला."

"उद्या गाव गोळा करा," जगन्नाथराव रामरावाला म्हणाले. "आणि दोन पहारी आणा."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या उगवतीच्या कोपऱ्याला, भिंतीच्या हातभर बाहेर, त्यांनी खूण करून दिली. माणसं खणायला लागली. कमरेएवढं खोल गेल्यावर एक शिळा लागली. ती हलवली तशी खालून कोंदट वास आला आणि पहार हातातून सुटून पोकळीत पडली. लोक वाकून बघायला लागले. तळाशी जुन्या ज्वारीचा काळा कुजका थर होता.

"हे चतुराबाईच्या सासऱ्याचं पेव," जगन्नाथराव म्हणाले. "भिंतीच्या पोटाखाली गेलंय. मी इथं खड्डा घेतला नाही. हर्रासात मी आकडा खाली खाली नेला, आणि मग त्या आकड्यात बसेल एवढंच बघितलं. चौकशीच्या आदल्या दिवशी मला हे कळलं होतं. तरी गप्प बसलो. भुजंगचा चुना चांगला होता. पेवावर उभी असून भिंत अजून पडली नाही, ती त्याच्या चुन्यामुळे."

कुणी हसलं नाही. "हर्रास तर म्याच लावल्ता, साहेब," रामराव म्हणाला.

भुजंग तिथं आला नव्हता. जगन्नाथराव त्याच्या घरी चालत गेले, ज्या गल्लीत नऊ वर्षं वळले नव्हते त्या गल्लीत. अंगणात जात्याची तळी मांडून भुजंग छिन्नी मारत बसला होता. चेहरा दगडाच्या अगदी जवळ नेऊन, बोटांनी चाचपून. जगन्नाथराव त्याच्यासमोर मातीतच बसले. सगळं सांगितलं. पेव, चतुराबाई, चौकशी, टेंभुर्णी. काही वगळलं नाही.

भुजंगने छिन्नी थांबवली नव्हती. बोलणं संपल्यावर ती खाली ठेवली.

"मला ठावं व्हतं," तो म्हणाला.

"कसं? चतुराबाईने सांगितलं?"

"कुणी न्हाई सांगितलं. तुमी तिसरी टिकली लावली तवा कळलं. दुसऱ्याच्या चुकीपायी कुणी दरसाल जालन्याहून येत न्हाई, साहेब."

"मग तू बोलला का नाहीस?"

"माझं कोण आयकणार व्हतं? तुमचं आयकलं असतं." भुजंगने खांद्यावरच्या फडक्याच्या टोकाने डोळे पुसले. "तुमी गेले की म्या जाऊन पाहायचो. नवी टिकली बोटानं चाचपायचो. वाटायचं, या साली लावली, पुढल्या साली न लावता बोलतेन."

जगन्नाथरावांना मान वर करवेना. "नवी शाळा बांधायची आहे," ते कसेबसे म्हणाले. "माझ्याऐवजी दुसरा कुणी नकाशा काढील, मी तसं सांगून आलोय. पण भिंत तू बांधायची. गाव तुलाच बोलवायला येतंय."

गल्लीच्या तोंडाशी खरंच माणसं दिसत होती. पुढे रामराव होता, हातात पागोटं आणि नारळ घेऊन. भुजंगने तिकडे तोंड वळवलं, पण त्याची नजर कुणावर ठरली नाही.

"या दगडाच्या कपच्या डोळ्यांत जाऊ जाऊ मला आता ओळंबा दिसत न्हाई, साहेब," तो म्हणाला, आणि चाचपडत पुन्हा छिन्नी शोधायला लागला.